दोनशे प्रती

काकांना दिव्याचे थरथरणे दिसत असे. आपल्याला जो प्रकाश स्थिर वाटतो तो बहुधा स्थिर नसतो. सेकंदाला शंभर वेळा तो मंदावतो आणि उजळतो, आणि आपला डोळा ते पोटात घालतो. त्यांचा डोळा घालत नसे. कुठल्याही नव्या जागी पाऊल ठेवले की ते खिशातून पेन्सिल काढून दिव्याखाली झपझप हलवत. पेन्सिल पंख्यासारखी धूसर दिसली तर दिवा बरा. तिचे सुटे सुटे तुकडे दिसले तर दिवा खोटा. मॉलमध्ये, दवाखान्यात, मुलीच्या शाळेतल्या पालकसभेत त्यांनी हा प्रयोग केलेला आहे. मुलगी तेव्हा आठवीत होती. ती दात आवळून म्हणायची, "डॅड, प्लीज. नोबडी कॅन सी इट."

"म्हणून तर दाखवतोय," काका म्हणत.

दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्समधील त्यांच्या घरात मी पेइंग गेस्ट होते. पुण्यात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून मी दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका लहानशा कंपनीत पेटंट विश्लेषक म्हणून लागले होते. एखाद्याने अमुक शोध माझा असा अर्ज केला की तो खरोखर नवा आहे का, जगात आधी कोणी सांगितला आहे का, हे जुने कागद चाळून ठरवायचे, हे आमचे काम. सही वरिष्ठांची असे. मला ती सही हवी होती, लवकर हवी होती, आणि ही गोष्ट मी कुणापासून लपवत नसे. काका मला 'परीक्षकबाई' म्हणत. मी परीक्षक नाही, परीक्षक पेटंट कार्यालयात असतो, हे मी दोनदा दुरुस्त केले आणि मग सोडून दिले.

काका शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या एका कारखान्यात पॉवर सप्लायच्या रचना विभागाचे प्रमुख होते. मूळचे नाशिकचे. त्यांचे दुसरे वेड पहिल्याहून घातक होते: ते समजावून सांगत. लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाला, खालच्या किराणा दुकानातल्या मल्याळी मुलाला, व्हिसाच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या सुदानी गृहस्थाला, ज्याला कान आहेत त्या प्रत्येकाला. किराण्याच्या बिलामागे आकृती काढून ते आपल्या खास हिंदीत सुरुवात करत आणि शेवटी न चुकता एकच वाक्य म्हणत: "समजलं का? नाही समजलं तर चूक माझी." आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर शंका दिसली तर पुन्हा पहिल्यापासून. वीस वर्षांत ज्या माणसाने आपली एकही युक्ती खिशात ठेवली नव्हती, त्याने पेटंटसाठी अर्ज करावा यातच पुढच्या सगळ्याचे बीज होते. पण ते मला तेव्हा दिसले नाही.

अर्ज त्यांनी केला तो कारखाना डगमगू लागल्यावर. मंदी आली तेव्हा ती प्रथम बांधकामांवर आली, मग बांधकामांना लागणाऱ्या दिव्यांवर, आणि मग दिव्यांना लागणाऱ्या पॉवर सप्लायवर. चार महिन्यांत विभाग बंद झाला. आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये रोज नवी चिठ्ठी चिकटलेली असे: सोफा, फ्रीज, मुलांची सायकल, तातडीने विकणे आहे. शुक्रवारी ज्यांच्याकडे पोहे खायला जायचो त्यांच्या दाराला पुढच्या शुक्रवारी कुलूप असे. काकांच्या कुटुंबाचा व्हिसा काकूंच्या शाळेतल्या नोकरीवर कसाबसा टिकला होता आणि शाळेनेही करार वर्षावर आणला होता. नाशिकला परत जाऊन बावन्नाव्या वर्षी कोण नोकरी देणार, हा प्रश्न काकू मोठ्याने विचारत नसत. भांडी मात्र मोठ्याने घासत.

त्यांचा शोध थोडक्यात असा होता. वीज ज्याला पुरवायची, मग तो दिवा असो की मोटर, त्याला लोड म्हणतात. लोडमधून जाणारा प्रवाह सतत वरखाली होतो. प्रचलित कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे विजेचे रूप बदलून ती लोडला देणाऱ्या यंत्रात, एक भाग हा चढउतार मोजतो आणि दुसरा तो दाबतो. या दोघांमध्ये जो किंचित वेळ जातो त्यात थरथर निसटते. काकांनी मोजणारे आणि दाबणारे तारेचे वेटोळे एकच केले. चढउतार ज्या क्षणी जन्मतो त्याच क्षणी, त्याच तारेत, तो मारला जातो. मी पाहिलेल्या शेकडो अर्जांपैकी ज्या दोन-चार कल्पनांचा मला हेवा वाटला त्यांतली ही एक.

अर्ज त्यांनी स्वतः लिहिला होता आणि तो वाचून परीक्षकाचे काय झाले असेल याची मी कल्पना करू शकते. चाळीस पाने इंग्रजी वर्णन, मध्ये मध्ये वाचकाला उद्देशून धीराचे शब्द, आणि सतराव्या पानावर चक्क, 'हे समजले नसल्यास दोष लेखकाचा आहे.' दोन वर्षांनी परीक्षण अहवाल आला. परीक्षकाने दोन जुनी पेटंटे समोर ठेवली होती: एकात मोजणारे वेटोळे, दुसऱ्यात दाबणारे. ही दोन एकत्र करणे कोणाही जाणकाराला सुचले असते, असे त्याचे म्हणणे. उत्तराला तीन महिन्यांची मुदत होती.

याच सुमारास एका मोठ्या कंपनीने काकांना सांगितले होते की पेटंट मंजूर झाले तर आम्ही ते घेऊ आणि तुम्हालाही घेऊ: नोकरी, कुटुंबाचा व्हिसा, सगळे. नामंजूर झाले तर शुभेच्छा. तोपर्यंत काकूंच्या शाळेने पुढच्या जूननंतर करार वाढणार नाही हे कळवले होते. म्हणजे त्या उत्तरावर चार माणसांच्या संसाराचा मुक्काम ठरणार होता. चौथी नाशिकची आजी, जिचे औषध दरमहा इथून जात असे.

उत्तर मी लिहिते, असे मी म्हणाले. त्यात उपकाराची भावना होती, पण ती दुय्यम होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत माझे स्वतःचे असे एक प्रकरण मला हवे होते. मी त्यांचा तीन पानांचा दावा, म्हणजे शोधातले नेमके काय आपले ते सांगणारा भाग, सहा ओळींवर आणला. दोन वेटोळी एकत्र ठेवणे निराळे आणि एकाच वेटोळ्याने दोन्ही कामे करणे निराळे, हा मुद्दा मी बांधला. फक्त जुन्या चाचण्यांचे आकडे हवे होते. काकांना विचारले, काही जुनी नोंद आहे का?

ते उत्साहाने उठले आणि कपाटातून एक पुस्तिका घेऊन आले. मुखपृष्ठावर गणपती. आमच्या मराठी मंडळाची, अर्जाच्या दोन वर्षे आधीच्या गणेशोत्सवाची स्मरणिका. काकूंच्या उकडीच्या मोदकांची कृती आणि बालविभागातली चित्रे यांच्या मधोमध चार पानांचा लेख होता: 'आपला प्रवाह स्थिर कसा ठेवावा'. त्या वर्षीच्या आराशीचे दिवे त्यांनी आपल्या कन्व्हर्टरवर चालवले होते आणि लोकांना कळावे म्हणून संपूर्ण आकृती, वेटोळ्याचे फेरे, तारेची जाडी, चाचण्यांचे आकडे, सगळे छापले होते. शेवटी, 'ज्यांना करून पाहायचे असेल त्यांनी अवश्य फोन करावा.'

"त्यात आहेत बघ रीडिंग्ज. पान बावीस."

मी पान बावीस पुन्हा वाचले. मग त्यांना कायदा सांगितला. अर्जापूर्वी जी गोष्ट लोकांसमोर आली ती नवी राहत नाही. स्वतः सांगितली असली तरी.

"दोनशे प्रती होत्या फक्त."

"एक पुरते, काका."

"मराठीत आहे हे."

"भाषा कोणतीही चालते."

ते खाली बसले. "म्हणजे मी सांगितलं, ही चूक."

मी वस्तुस्थिती मांडली: परीक्षक ज्या संग्रहांत शोधतो त्यांत गणेशोत्सवाच्या स्मरणिका नसतात; हा लेख त्याला कधीही सापडणार नाही. काका म्हणाले, "सापडणार नाही म्हणजे नाही, असं होत नाही ना?"

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या कधीपासून ऐकत होत्या कोण जाणे. त्या म्हणाल्या, "होतं. या घरात आजपासून तसंच होतं."

उत्तर गेले. आकडे मी त्यांच्याकडून नव्याने मोजून घेतले, स्मरणिकेचा उल्लेख कुठेही आला नाही. माझ्या दृष्टीने विषय तिथे संपला होता. काकांच्या दृष्टीने तो तिथे सुरू झाला. नसलेली गोष्ट खरोखर नसावी, एवढा साधा हिशेब त्यांच्या डोक्यात बसला आणि ते दोनशे प्रती परत गोळा करायला निघाले.

मंडळासाठी जुन्या स्मरणिकांचा संच करतोय, असे ते सांगत. मी त्यांना एवढे खोटे बोलताना प्रथमच ऐकत होते आणि ते फार वाईट बोलत. घरात शिरण्याआधीच कारण सांगून टाकत. लोकांना मात्र गहिवरून येई. मंदीत सगळे पांगत असताना हा माणूस आपल्या आठवणी जपतोय, म्हणून त्यांना चहा, चिवडा, आणि स्मरणिकेबरोबर जुने फोटोही मिळत. बऱ्याच पत्त्यांवर आता कुणी राहत नव्हते. एका बाईंनी फोनवर सांगितले की सामान कमी करताना त्यांनी ती इमारतीच्या पहारेकऱ्याच्या खोलीत ठेवली, गणपतीचे चित्र कचऱ्यात कसे टाकायचे म्हणून. काका त्या पहारेकऱ्याला शोधत गेले. त्याने मुखपृष्ठ कापून भिंतीला लावले होते. आतली पाने नव्हती. काकांनी प्रतींच्या हिशेबाच्या वहीत त्या बाईंच्या नावापुढे प्रश्नचिन्ह काढले.

गोळा झालेल्या प्रतींचे काय करायचे हेही कुणाला सुचेना. नुसती चार पाने फाडावीत असे मी म्हणाले, तर काकूंनी पाने उघडून दाखवली: प्रत्येक पानाच्या डोक्यावर छोटा गणपती होता. त्यामुळे त्या एका खोक्यात, खोके पलंगाखाली. जो पुरावा नाहीसा करायचा तो एका जागी नीट लावून ठेवण्याचे काम आम्ही तिघे करत होतो, आणि त्यातला विनोद तिघांनाही कळत होता, पण हसले कुणी नाही.

एका शुक्रवारी आम्ही शारजातल्या एका कामगार वसाहतीत गेलो. काकांना एकट्याला पाठवायला काकू घाबरत, म्हणून गाडी मी चालवत होते. मंडळाच्या आराशीचे वायरिंग दरवर्षी एक गुहागरचा तरुण इलेक्ट्रिशियन करी. त्या वर्षी काकांनी सलग तीन संध्याकाळी त्याला आपला कन्व्हर्टर समजावला होता. आठ जणांच्या खोलीत तो वरच्या पलंगावर राहत होता. काकांना पाहून त्याने घाईघाईने शर्ट घातला, कुणाला तरी थंड पेये आणायला पिटाळले, आणि कारण ऐकल्यावर उशीखालून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली प्रत काढली. समासात सगळीकडे पेन्सिलीने बारीक टिपणे होती.

"माझी गिचमीड हाय त्याच्यावर, काका. चालंल ना?"

काका टिपणे वाचत राहिले. एका ठिकाणी त्याने फेऱ्यांची संख्या खोडून आपली लिहिली होती. "ही कुठून काढलीस?"

"करून बघितलं. तुमच्या आकड्यानं तार गरम होते थोडी."

काकांनी मान हलवली. तो आकडा त्याचाच बरोबर होता. आम्ही उत्तरात तोच लिहिला होता, स्वतः पुन्हा मोजून. काका पुस्तिका पिशवीत घालू लागले तेव्हा तो म्हणाला, "तेवढी झेरॉक्स द्याल का मला? चार पानांचीच."

"देतो," काका म्हणाले.

झेरॉक्स त्यांनी दिली नाही. मीही आठवण केली नाही.

पेटंट मंजूर झाले. परीक्षकाने माझा मुद्दा जवळजवळ माझ्याच शब्दांत मान्य केला होता, आणि ते पान मी पुढच्या प्रत्येक मुलाखतीला बरोबर नेले. कंपनीने करार पाठवला. त्यात एक कलम होते: अर्जापूर्वी हा शोध कुठेही प्रसिद्ध झाला नसल्याचे मी माझ्या माहितीप्रमाणे जाहीर करतो. काकांनी ते वाक्य मला दोनदा वाचायला लावले. मग पेन हातात धरून म्हणाले, "तू सांग. तू कर म्हणालीस तर करतो."

हे वाक्य कोणत्या अर्थाने घ्यायचे याचा मी पुढे अनेक वर्षे विचार केला. जबाबदारी माझ्यावर टाकण्याइतके ते लबाड नव्हते. मला वाटते, आयुष्यात प्रथमच त्यांना कुणीतरी काहीतरी समजावून सांगायला हवे होते. जून तीन आठवड्यांवर होता. मी म्हणाले, "करा."

त्यांनी सही केली. नोकरी आली, व्हिसा आला, मुलगी त्याच शाळेतून बारावी झाली. पेन्सिल हलवणे चालू राहिले. समजावून सांगणे मात्र बंद झाले. किराण्याच्या दुकानातल्या मुलाने एकदा इन्व्हर्टरबद्दल काही विचारले तेव्हा काकांनी त्याला इंटरनेटवर बघ म्हणून सांगितले आणि ते घाईने बाहेर पडले. मंडळाच्या संपादकांनी लेख मागितला तर म्हणाले, लिहिण्यासारखे काही नाही. ज्या घरात जेवताना त्यांना गप्प बसवावे लागे तिथे आता जेवताना टीव्ही लागू लागला. काकूंनी मला एकदा विचारले, "नवी नोकरी फार दगदगीची आहे का गं?" आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता त्या आत गेल्या.

दोन वर्षांनी गुहागरच्या त्या तरुणाचा मला फोन आला. तोवर मी दुसऱ्या फर्ममध्ये, स्वतःच्या सहीने काम करू लागले होते. तो भेटायला आला तेव्हा त्याच्या हातात वकिलाची नोटीस होती. हमरियात त्याने एका पठाण भागीदाराबरोबर छोटी शेड घेतली होती. चार माणसे कामाला, दुकानांच्या पाट्यांसाठी पॉवर सप्लाय बनवत. पाट्या थरथरत नाहीत म्हणून त्यांचा माल खपत होता. काकांच्या कंपनीने कळवले होते की तुमच्या मालातली रचना आमच्या पेटंटची आहे. पंधरा दिवसांत उत्पादन बंद करा. नोटिशीला तांत्रिक अभिप्राय जोडला होता. माल दाव्यात येतो, असा. तो खरोखरच येत होता. खाली काकांची सही होती.

काकांबद्दल त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. साहेबांनी सांगितले असेल, करावी लागली असेल सही, असे तो म्हणाला. त्याला एकच विचारायचे होते.

"मॅडम, हे समदं त्या स्मरणिकेत छापलेलं होतं ना? अगोदर? ते दाखवलं तर चालत नाही का?"

उत्तर एका शब्दाचे होते. ते दिले असते तर त्याची शेड वाचली असती, पेटंट गेले असते, आणि काकांचे जाहीरपत्र खोटे ठरले असते. माझे नाव कुठे येते आणि कुठे नाही, याचाही हिशेब मी त्या काही सेकंदांत केला. तो मी केला हे इथे लिहिणे भाग आहे.

"मराठीतलं चालत नाही," मी म्हणाले.

त्याने मान डोलावली. जणू त्याला हेच अपेक्षित होते. "हां. मराठीत हाय म्हणून," तो म्हणाला, आणि नोटिशीची घडी घालून त्याने ती शर्टाच्या खिशात ठेवली.

त्याच संध्याकाळी मी काकांकडे गेले आणि काय सांगितले ते सांगितले. ते पलंगाच्या कडेवर बसले. नंतर त्यांनी विचारले, "दाव्यातलं कुठलं कलम चुकवलं तर तो सुटेल?"

मी म्हणाले, दाव्यात मुळात एकच गोष्ट आहे. एकच वेटोळे, दोन कामे. ते नसेल तर दावा लागत नाही.

"ते नसेल तर उरतं काय?"

"इतरांसारखा कन्व्हर्टर."

शुक्रवारी आम्ही हमरियात गेलो. पत्र्याची शेड, आत सोल्डरचा वास, एका फळीवर तयार माल ओळीने मांडलेला. काकांना आलेले पाहून त्याने पठाणाला हाक मारली आणि हे माझे गुरू अशी ओळख करून दिली. काकांनी खुर्ची घेतली नाही. फळीवरचा एक नग उचलून त्याचे झाकण काढले आणि बोटाने वेटोळे दाखवले. वेटोळे सुबक गुंडाळलेले होते. फेऱ्यांची संख्या त्याची स्वतःची.

"हे काढायचं. सगळ्यांतून. बाहेर मोठा कपॅसिटर टाक, तेवढ्यावर भागव."

तो आधी हसला, काका गंमत करतात असे वाटून. मग त्याने नग हातात घेतला. "ह्यानंच तर करंट गप बसतो, काका. तुम्हीच सांगितलंत. हे काढलं तर पाटी थरथरणार." तो वाट पाहत राहिला. बाकीची चार माणसेही हातातले काम थांबवून पाहू लागली. "का काढायचं पण? मला समजलं नाय."

काकांनी टेबलावरचा कटर उचलून त्याच्या हातात दिला.

"काढ," ते म्हणाले.